लाल वीट की एएसी ब्लॉक?

घर बांधताना भिंतीचा प्रश्न आला की गवंडी विटेकडे ओढतो आणि इंजिनिअर एएसी ब्लॉककडे, म्हणजे बारीक छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याकडे. माझं मत सांगते: आरसीसी सांगाड्याच्या, म्हणजे काँक्रीटच्या बीम-कॉलमवर उभ्या घराला ब्लॉक, पण गवंडी त्या कामात तयार असेल तरच.

स्वीडनमध्ये 1920 च्या दशकात शोधलेला हा ब्लॉक आपल्याकडे राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर अॅल्युमिनियम पावडरपासून बनतो. पावडरीमुळे मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग वाफेच्या दाबाखाली पक्कं होतं. घनमीटरला वजन साधारण 600 किलो. वीट त्याच्या जवळपास तिप्पट जड. भिंत हलकी, म्हणून बीम-कॉलमवरचा भारही कमी. एक ब्लॉक सातआठ विटांची जागा घेतो, त्यामुळे काम झपाट्याने उरकतं. शिवाय भट्टीसाठी शेतातली सुपीक माती जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण सवयीची आहे. वीट भिजवून लावायची, ब्लॉकवर मात्र नुसतं पाणी शिंपडायचं. आमच्या गवंड्याने सवयीने ब्लॉक पाण्यात बुडवले. सुकताना ते आकसले आणि गिलाव्यावर केसासारख्या तडा उमटल्या. कॉलमच्या सांध्यावर जाळीही मारली नव्हती. ती मारायलाच हवी.

वीट तुकड्यातही खपते, खिळा घट्ट धरते. ब्लॉकमध्ये जड कपाट टांगायचं तर खास फास्टनर लागतो. गावात दोन खोल्या भारवाहक (छताचं वजन स्वतः पेलणाऱ्या) भिंतींवर उभ्या करायच्या असतील, तर चांगली भाजलेली वीटच घ्या.