ढाबा, पंजाबी हॉटेल की इडली-डोसा? ॲलर्जीवालं लेकरू सोबत असताना

जळगाव-धुळ्याकडे मुलांना घेऊन बाहेर जेवायचं म्हटलं की तीन पर्याय निघतात: हायवेवरचा शेवभाजीचा ढाबा, शहरातलं एसी पंजाबी हॉटेल, नाहीतर इडली-डोशाचं हॉटेल. यातलं कुठलं बरं, हे पोराला कशाची ॲलर्जी आहे त्यावरच ठरतं.

शेंगदाण्याची असेल तर ढाबा विसरा. काळ्या रश्श्याचं वाटण एकदाच मोठ्या पातेल्यात होतं. त्यात खोबरं, कुठे तीळ, कुठे कूट. तुमच्या ताटापुरतं वेगळं काढणार कसं? भरितात शेंगदाणे असतात, ठेच्यातही. तेल घाण्याचं असेल तर त्यातही शेंगदाण्याचं प्रथिन उतरलेलं असतं. आणि शिजवल्याने ही ॲलर्जी मरत नाही. विचारताना नुसतं ‘शेंगदाणे आहेत का?’ म्हणू नका, ‘कूट घालता का?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बिनधास्त ‘नाही’ म्हणणारा वेटर दुसऱ्याला आत आचाऱ्याकडे जातो.

दुधाची ॲलर्जी असेल तर गणित उलटं. पंजाबी हॉटेलात ग्रेव्हीत क्रीम, रोटीवर बटर, नानच्या पिठात दही. काय काय टाळणार? ढाब्यावर मात्र भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी बिनदुधाची मिळते, फक्त तूप लावू नका म्हणून आधीच सांगायचं. प्रश्न तिखटाचा. तीन वर्षांच्या पोराला तो रस्सा झेपत नाही, मग भाकरी साध्या वरणात कुस्करून द्यायची. बसायला खाटा असतात, मोकळी जागा असते, पण पलीकडून ट्रक धावत असतात. एकाने पोरामागेच राहावं लागतं.

काजू-बदामाची ॲलर्जी असेल तर पंजाबी ग्रेव्ही नकोच, तिचा पायाच काजू आणि मगज (टरबुजाच्या बिया). मे महिन्यात एसी आणि बेबी चेअरचा मोह होतो खरा. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं नियमाने बंधनकारक आहे, ती हक्काने मागा. पण त्या नियमातल्या ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत तीळ नाही, तेव्हा तिळाचं वेगळं विचारायचं.

माझं मत इडलीच्या बाजूने. तांदूळ आणि उडीद, वाफेवर शिजलेले. दूध नाही, दाणे नाहीत, आणि पोरं रडायच्या आत ताट समोर येतं. सावध राहायचं ते चटणीपाशी, आपल्याकडे तिच्यात सर्रास शेंगदाणे असतात. गव्हाची ॲलर्जी असेल तर सांबारही टाळा: बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची असली तरी परात आणि तवा बहुधा चपातीचाच असतो, हेही लक्षात ठेवा.

कुठेही जा, सातच्या आत जा. नऊ वाजता रविवारच्या गर्दीत आचारी तुमच्यासाठी वेगळी कढई धुणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध गाडीत नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. चटणी घरूनच डबीत न्या.