फायर स्लीव्हच्या आत काय आहे ते कापून बघा, मी उशिरा बघितलं

मी स्वतः बांधत असलेल्या छोट्या विमानाचं इंजिन माउंटवर चढलं होतं, आता फक्त फ्युएल लाइनच राहिल्यात म्हणून मी घाई केली आणि तिथेच फसलो. एकाने अर्धवट सोडलेल्या विमानाच्या प्रोजेक्टमधला फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली आग अडवणारी भिंत) पुढचा सगळा फ्युएल सेट विकायला काढला होता, मेकॅनिकल पंप, होज, फिटिंग, सगळं. माणूस बोलायला एकदम जाणकार. होज टेफ्लॉनचे, वर स्टीलची जाळी, प्रेशर टेस्ट केलेले, पंप ओव्हरहॉल्ड. फोटो पण झकास, होजवर नारिंगी फायर स्लीव्ह म्हणजे आगीपासून वाचवणारं आवरण, टोकांना पट्ट्या, निळी फिटिंग. मी पूर्ण पैसे आधी पाठवले. हो, आधीच. हसा.

माल आला तेव्हा दिसायला फोटोसारखाच. होजमधून फुंकून बघितलं, हवा आरपार गेली, बसवून टाकले. पंपाच्या ओव्हरहॉल टॅगवरचा सिरियल नंबर पंपाशी जुळत नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण टॅग लिहिताना चुकला असेल अशी मीच माझी समजूत घातली. माणूस स्वतःला किती छान फसवतो बघा.

माझं विमान लो विंग, म्हणजे पंख खालच्या बाजूला, त्यामुळे टाक्या कार्ब्युरेटरच्या खाली, म्हणजे सगळी भिस्त पंपावर. इंजिन १६० हॉर्सपॉवरचं, टेकऑफला तासाला साधारण ५५ लिटर पितं, आणि पंपवाल्या सिस्टिमला त्याच्या १२५ टक्के फ्लो मिळायला हवा, म्हणजे तासाला ६९ लिटर. नाक वर करून, कार्ब्युरेटरकडची लाइन सोडून, बूस्ट पंप (जोडीचा इलेक्ट्रिक पंप) लावून डब्यात मोजलं. पाच लिटरला साधारण सव्वाचार मिनिटं लागायला हवी होती, लागली सात. म्हणजे तासाला ४३ लिटर! टाकी, फिल्टर, व्हेंट सगळं तपासण्यात दोन दिवस गेले. शेवटी होज काढून परत फुंकलं, एका बाजूने हवा मोकळी, दुसऱ्या बाजूने अडते. पहिल्यांदा मी नेमकं चुकीच्या बाजूने फुंकलं होतं.

स्लीव्ह कापली. आत ना टेफ्लॉन ना जाळी, गाडीचा साधा रबरी होज, वर तसं छापलेलंसुद्धा. फिटिंग दाबून बसवताना आतलं रबर सोललं गेलं होतं आणि त्याचा पापुद्रा झडपेसारखा उभा राहायचा. आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान गोळी होजमधून घरंगळत सोडली असती तर पाच सेकंदात कळलं असतं, फुंकणं ही टेस्टच नाही. गेजच्या पाव इंची लाइनला तर ४५ डिग्रीचं फ्लेअर फिटिंग (टोक शंकूसारखं उतरतं असलेलं) निघालं, विमानाचं ३७ चं असतं. या साइझला आटे जुळतात त्यामुळे ते बिनबोभाट बसतं आणि मग पाझरतं.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "एक्सपेरिमेंटल, म्हणजे स्वतः बांधलेलं विमान आहे ना तुमचं, मग सर्टिफाइड पार्ट कशाला हवेत?" अरे बाबा, सर्टिफिकेट मागितलंच कुठे, टेफ्लॉनचे पैसे घेतलेस ते टेफ्लॉन कुठाय ते सांग. त्यानंतर फोन उचलणं बंद.

नवे होज टॅगसकट घेतले, पंप ओव्हरहॉलला पाठवला, आता पाच लिटर चार मिनिटांच्या आत भरतात. काल तीच जाहिरात परत दिसली, तेच फोटो, तीच नारिंगी स्लीव्ह, "न वापरलेला सेट". ते होज तर माझ्या बाकावर चिरून पडलेत.