मोकळ्या बॉडी शेलसाठी डॉली: लाकडी करायची, लोखंडी करायची, की थेट रोटिसरी?

जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, काचा, सीटा सगळं उतरवलं की हातात राहतो नुसता पत्र्याचा सांगाडा, म्हणजेच बॉडी शेल, आणि त्याला चाकं नसल्यामुळे पुढचं प्रत्येक काम अडतं. म्हणून डॉली, म्हणजे शेल ठेवून ढकलायची चाकांची चौकट, हवीच, यात वाद नाही. वाद असतो तो ती कशाची करायची, की त्याऐवजी रोटिसरी (शेल दोन टोकांना धरून गोल फिरवणारा स्टँड) घ्यायची यावर, आणि बरेच जण तिथे पहिला प्रश्न विचारतात की लाकूड एवढं वजन पेलेल का. पेलेल हो, आरामात. छोट्या गाडीचं पूर्ण मोकळं शेल साधारण 200 ते 300 किलोच्या घरात असतं, 4 बाय 4 इंचाचे चांगले वासे त्याला पुरून उरतात. त्यामुळे वजनावरून ठरवू नका. तुमचं शेल किती कुजलंय आणि डॉलीवर चढल्यावर त्याच्यावर नक्की काय काम होणार आहे, या दोन गोष्टींवरून ठरवा.

लाकडी डॉलीचा मोठा फायदा म्हणजे ती करायला करवत, ड्रिल आणि लांब बोल्ट एवढंच लागतं, वेल्डिंग येत नसलं तरी एका सुट्टीत उभी राहते. उंची कमीजास्त करायची तर ठोकळा घाला किंवा काढा. रंग झालेलं शेल ठेवायचं असेल तर वर रबराची पट्टी ठोकली की झालं, ओरखड्याची भीती नाही. पण खाली फ्लोअर कापायचा असेल, सिल (दाराखालचे लांब पोकळ पत्रे) बदलायचे असतील, तर लाकूड नको असंच माझं स्पष्ट मत आहे. वेल्डिंगची ठिणगी जोडाच्या फटीत, भुशात जाऊन बसते आणि तिथेच धुमसत राहते, आपण मशीन बंद करून घरी गेल्यावर धूर निघतो. शिवाय लाकूड तेल पितं, थिनर पितं, म्हणजे त्या ठिणगीला खाऊ तयारच असतो. आणि दमट हवेत वासा पीळ खातो, मग चार टोकं एका पातळीत राहत नाहीत. स्टोरेजला हे चालून जातं, पत्रा जोडताना नाही.

लोखंडी डॉलीला 50 बाय 50 मिमीचा 3 मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर मीटरला साधारण साडेचार किलो पडतो, म्हणजे दोन लांब पाइप, तीन आडवे आणि चार खांब धरून अख्खी फ्रेम 50 किलोच्या आसपास जाते. गॅल्वनाइज्ड पाइप मात्र घेऊ नका, तो वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो, काळा पाइप घ्या आणि नंतर प्रायमर मारा. पाइपाची तोंडं पण बंद करा. ही गोष्ट फालतू वाटते पण फार महत्त्वाची आहे, कारण शेल ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने कणांचा मारा करून रंग-गंज काढायला) गेलं की ग्रिट, म्हणजे ते कण, त्या उघड्या तोंडातून आत भरतं आणि महिनाभर गप्प बसून बरोबर रंगाच्या दिवशी, डॉली हलवली की भसाभसा बाहेर येतं.

पण लोखंडाचा खरा फायदा मजबुती नाहीये, तर शेल कुठे धरायचं हे आपल्या हातात येतं हा आहे. खांबाच्या डोक्यावर 6 मिमीची प्लेट, तिला भोक, आणि ते भोक शेलच्या मूळ सस्पेन्शनच्या किंवा सबफ्रेमच्या (इंजिन, सस्पेन्शन धरणाऱ्या सुट्या फ्रेमच्या) बोल्टच्या जागेवर. कारखान्याने गाडीचं वजन घ्यायला ज्या जागा बनवल्यात तिथूनच शेल धरलं जातं आणि मधला सगळा भाग, सिल, फ्लोअर, जॅकिंग पॉइंट, काम करायला मोकळा राहतो. लाकडी डॉली बहुतेक वेळा सिलखालीच आडवा वासा देऊन केलेली असते, आणि सिलच बदलायचा असेल तर जी फांदी तोडायची तिच्यावरच बसल्यासारखं होतं. (लाकडातही बोल्टच्या जागा पकडता येतात, पण मग ब्रॅकेट लोखंडाचेच करावे लागतात, म्हणजे अर्धी डॉली लोखंडी झालीच की.)

गाडी कुठली यावर पण बरंच आहे. मिनीला पुढे-मागे सबफ्रेमच्या जागा आयत्या आहेत, काम सोपं. एमजीबी रोडस्टरसारखी उघडी गाडी असेल तर तिची ताकद सिलमध्ये असते, वर छप्पर नाही, त्यामुळे सिल कापला की शेल मधून वाकायला बघतं. जॅग्वार ई-टाइपला पुढची नळ्यांची फ्रेम बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) बोल्टने असते, ती काढली की पुढे धरायला बल्कहेडच उरतं, म्हणजे खांब तिथल्या बोल्टांच्या जागेवर न्यावे लागतात. बीटलची बॉडी तर फ्लोअर पॅनपासूनच सुटी होते, तिला खाली कडेकडेने आधार हवा आणि दाराच्या उंबऱ्याखालचे हीटर चॅनल गंजलेले असतील तर आतून आडव्या पट्ट्या मारल्याशिवाय उचलूच नका.

या आडव्या पट्ट्या, म्हणजे दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत वेल्डिंगचे टाके मारून जोडलेला पाइप, डॉली कुठलीही असो, कुजक्या शेलला लागतातच. मारायच्या आधी दार लावून घ्या आणि दाराची मागची फट वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, ड्रिलच्या बिटाची मागची दांडी घालून बघितली तरी चालतं. वर 4 मिमीची बिट जाते आणि खाली 6 ची, तर शेल आधीच वाकलंय. ते सरळ करा, मग पट्टी, मग कापाकापी. डॉलीवर चढवल्यावर परत मोजा, फरक आला तर त्या कोपऱ्यात वॉशर घाला. इथे लोखंडी डॉली परत पुढे जाते कारण खांबाला लांबट खाच ठेवली की उंची मिलिमीटरने जुळवता येते, पाणसळ ठेवून.

रोटिसरीचं काय? शेल आडवं फिरवून खालून उभ्याने वेल्डिंग करायची सोय दुसऱ्या कशात नाही, अंडरबॉडीचं काम मोठं असेल तर मानेला आणि डोळ्याला तिचा फार आधार. पण ती शेलला दोन टोकांनी धरते, मधे खाली काहीच नाही, त्यामुळे मधला भाग गंजलेला असेल तर आधी डॉलीवर सिल आणि मुख्य फ्लोअर उभे करा आणि मगच रोटिसरीवर न्या. जागाही जास्त लागते, फिरवताना छप्पर आणि चाकाच्या कमानी कुठे आपटणार हे बघावं लागतं. फ्लोअर ठणठणीत आहे आणि फक्त खालून साफ करून रंग द्यायचाय, तर डॉली सोडून सरळ रोटिसरी घ्या.

आता चाकं, जिथे सगळे काटकसर करतात. शेल 300, फ्रेम 50, आत ठेवलेले दरवाजे-बॉनेट वगैरे 100 धरा, झाले 450. याला चारने नाही, तीनने भागा, कारण कोबा कधीच सपाट नसतो आणि हलवताना एक चाक अधांतरी असतंच. म्हणजे एका चाकाला 150 किलो, यापेक्षा कमीचं घेऊच नका. नायलॉनचं छोटं चाक गुळगुळीत फरशीवर मस्त पळतं पण वाटेत एक नट पडलेला असला तरी जागीच थांबतं आणि उंच डॉली असेल तर पुढे कलंडायला बघते. रबरी चाक खडबडीत जागेत चांगलं, पण महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं की खालून चपटं होतं. 125 किंवा 150 मिमीचं पॉलियुरेथेन हा मधला मार्ग, मी तोच सांगेन. गॅरेज अरुंद असेल तर चारही चाकं फिरणारी घ्या, बाजूला सरकवून भिंतीला लावता येतं. अंगणातून ट्रेलरपर्यंत ओढत न्यायची असेल तर दोन फिरणारी आणि दोन सरळ, नाहीतर उतारावर ती मनाला येईल तिकडे जाते. ब्रेक निदान दोन चाकांना, आणि असा की चाकाबरोबर फिरणं पण लॉक होईल. फिरणारं चाक आत वळलं की टेकू आतल्या बाजूला सरकतो, म्हणून चाकं खांबांच्या बरोबर खाली न लावता थोडी बाहेर लावा, विशेषतः सिल गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच डॉली करत असाल तर.