अ‍ॅल्युमिनियमला फायबर जोडायचंय: इपॉक्सी, नट-बोल्ट की पिना?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. हलकं वाहन बनवणारी कॉलेजची पोरं, बोटवाले, छोट्या वर्कशॉपवाले, सगळ्यांचं दुखणं एकच: धातूचा ब्रॅकेट आणि फायबरचं पॅनल एकत्र कसं धरायचं. वेल्डिंग होत नाही, मग काय? पण जोड निवडायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, फायबरचा पार्ट (म्हणजे ग्लास किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये, कडक होणाऱ्या पातळ चिकट द्रवात, भिजवून केलेला) तुमच्याकडेच ओला लावला जातोय की तयार पॅनल बाहेरून येतंय? तयार येत असेल तर पिनांचा विषय जवळपास संपला, कारण पिना कापडात घुसवायच्या त्या रेझिन कडक व्हायच्या आधी, नंतर नाही.

पिना म्हणजे नक्की काय ते आधी सांगतो. धातूच्या प्लेटवर शेकडो बारीक खुंट उभे करायचे, साधारण एक मिमी जाड आणि दोन-तीन मिमी उंच, आणि त्यावर कापडाचे थर दाबत न्यायचे, धागे पिनेच्या दोन्ही बाजूंनी सरकतात, तुटत नाहीत. ऑस्ट्रियाच्या फ्रोनियस कंपनीच्या सीएमटी नावाच्या वेल्डिंग मशीनवर वेल्डिंगच्या वायरपासूनच अशा पिना उभ्या करतात, वायर प्लेटला चिकटवायची, थोडी गार होऊ द्यायची, मग करंट देऊन ती लाल करायची आणि ओढून तोडायची, टोक हवं तर अणकुचीदार येतं नाहीतर गोल डोक्याचं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंगवर संशोधन करणाऱ्या संस्थेने इलेक्ट्रॉन बीमने धातू वितळवून पृष्ठभागावरच काटे उभे करायची पद्धत काढली. लहान पार्ट असेल तर टायटॅनियमचा ब्रॅकेट पिनांसकट थ्रीडी प्रिंटही होतो. आणि यातलं काहीच परवडत नसेल तर पातळ पत्र्यात लेझरने त्रिकोणी दात कापून वर वाकवायचे, फक्त त्याने पत्र्याला भोकं पडतात हे डिझाइनमध्ये धरायला विसरू नका.

ही कल्पना लांबची वाटत असेल तर ब्रेक पॅड बघा. कॅनडातली न्यूकॅप कंपनी पॅडच्या स्टीलच्या प्लेटवरच बारीक हूक उचलते आणि घर्षणाचं मटेरियल त्या हुकांत दाबून बसवते. नुसतं चिकटवलेल्या पॅडमध्ये प्लेट गंजली की गंज फुगून मटेरियल उचलतो, हुकांमध्ये ते अडकून राहतं.

आता नुसतं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा कडक होणारा गोंद. वजन सगळ्यात कमी, भोक नाही, लोड पूर्ण जागेवर पसरतो (खरं तर कडांवर जास्त येतो, म्हणून कडा उचकटायला लागली की खेळ संपला). पण सगळी मदार घासण्या-पुसण्यावर. माझा एक ब्रॅकेट पहिल्याच पावसाळ्यात हातात आला, उलटून बघितला तर सगळं इपॉक्सी फायबरवर आणि प्लेट कोरी, एक कणही नाही, म्हणजे इपॉक्सी तुटलंच नव्हतं, त्याने अ‍ॅल्युमिनियमला कधी धरलंच नव्हतं. आणि बाहेरून नाणं वाजवून मोठा पोकळ भाग कळतो, पण चिकटल्यासारखा दिसणारा कच्चा जोड कळत नाही. 1988 मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत हवेत उडालं, त्यात पत्र्यांमधलं चिकटवलेलं आधी सुटलं होतं, सगळा लोड रिवेटांवर आला आणि रिवेटच्या भोकांपासून तडे गेले. तिथे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच होतं, तुमच्याकडे तर दोन वेगळे स्वभाव आहेत. 300 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कार्बन फायबरवर 120 अंशाला क्युअर करून (तापवून गोंद कडक करून) 30 ला आणली तर आकुंचनातला फरक जवळपास 0.6 मिमी येतो आणि तो सगळा त्या पातळ थराने सोसायचा.

नट-बोल्ट मला अजूनही आवडतो, कारण खोलता येतो, तपासता येतो, आणि समोरच्या गॅरेजवाल्यालाही समजतो. पण भोक पाडलं की धागे कापले गेले, भोक पाडताना मागे प्लायवुडचा तुकडा धरला नाही तर शेवटचा थर फाटून निघतो. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान तीन भोकांएवढं अंतर ठेवा आणि मोठे वॉशर लावा. पॉप रिवेट मागून फुगताना फायबर चिरतो, मागे वॉशर नसेल तर वापरूच नका. जॅग्वारने 2003 च्या एक्सजेमध्ये पियर्सिंग रिवेट (आधी भोक न पाडता पत्र्यात घुसणारा) आणि अ‍ॅडहेसिव्ह एकत्र वापरून अ‍ॅल्युमिनियमची पूर्ण बॉडी उभी केली, पण ते पत्र्याला पत्रा होतं, ठिसूळ फायबरला तो रिवेट तितकासा मानवत नाही.

पिनांकडून एक चुकीची अपेक्षा ठेवतात लोक, की पहिला तडा उशिरा जाईल. तसं फारसं होत नाही, रेझिन आणि धातूमधली चीर साधारण तेवढ्याच लोडला पडते. फरक नंतर दिसतो. नुसतं इपॉक्सी तिथेच फटकन सुटतं, पिनांचा जोड तिथून पुढे ओढत राहतो, पिना वाकतात, हळूहळू उपटतात, कडकड आवाज येतो आणि तेवढ्या वेळात माणूस सावध होतो. गोल डोक्याची पिन उचकटण्याला जास्त धरते, अणकुचीदार कापडात सोपी जाते. जिथे जोड एकदम सुटला तर माणसाच्या जिवावर येईल तिथे मी याच एका गुणासाठी पिना घेईन.

पण अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन असेल तर थांबा. खाऱ्या हवेत कार्बन अ‍ॅल्युमिनियमला खातो, म्हणून मध्ये ग्लास फायबरचा एक थर टाकतात आणि पिना नेमक्या त्याच थरातून आरपार जाऊन कार्बनला टेकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पिना कार्बनमध्ये नकोतच. तिथे टायटॅनियम किंवा स्टेनलेसची प्लेट आणि त्याच धातूच्या पिना घ्या, नाहीतर ग्लास फायबर वापरा, त्याला अ‍ॅल्युमिनियम चालतं.

कापड कोरडं असेल आणि रेझिन नंतर ओढून घेणार असाल तर पिनांवर बसवणं सोपं, प्रीप्रेगमध्ये (आधीच रेझिन भरून आलेल्या कापडात) हात दुखतात आणि धागे चुरगळतात. एका हाताएवढा तुकडा आधी करून ओढून तोडा, तुटलेल्या जागी पिना धातूपासून मोडल्यात की फायबरमधून उपटल्यात ते भिंगाने बघा, मोडल्या असतील तर जाडी वाढवा, उपटल्या असतील तर डोकं गोल करा किंवा उंची वाढवा, आणि मगच खऱ्या पार्टला हात लावा.