अर्जेंटिना १९५५: जूनचा उठाव आणि सप्टेंबरचा
राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांना उलथवण्याचे दोन प्रयत्न एकाच वर्षी झाले. १६ जूनचा फसला, १६ सप्टेंबरचा साधला.

जूनची सारी भिस्त राजधानीतल्या एका झटक्यावर होती: नौदलाच्या विमानांनी कासा रोसादावर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर, बॉम्ब टाकायचे, लगोलग नौसैनिकांनी इमारत ताब्यात घ्यायची. पण ढग खाली उतरले होते. सकाळी ठरलेला हल्ला दुपारी पावणेएकच्या सुमारास सुरू झाला. तोवर पेरॉन जवळच्या लष्कर मंत्रालयात पोचले होते. बॉम्ब पडले ते समोरच्या प्लाझा दे मायो चौकातल्या लोकांवर, एका भरलेल्या ट्रॉलीबसवर. ३०० हून अधिक माणसं मेली. भूदल सरकारच्या बाजूनं राहिलं आणि वैमानिक विमानं घेऊन उरुग्वेला पळाले.

सप्टेंबरची सुरुवात राजधानीपासून दूर, कोर्दोबातल्या तोफखाना शाळेत झाली. उठावाचे नेते जनरल लोनार्दी यांना तिथे निष्ठावान फौजांनी घेरलंही. निव्वळ जमिनीवरचं बळ मोजलं तर हाही उठाव बुडायला हवा होता. फरक पाडला उठावात सामील झालेल्या आरमारानं. १९ तारखेला मार देल प्लातातल्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या, पुढचा नेम ला प्लाताचा तेलशुद्धीकरण कारखाना (शहराचं नाव तेव्हा पेरॉन यांच्या दिवंगत पत्नीवरून एवा पेरॉन!), अशी धमकी दिली. त्याच दिवशी पेरॉन यांचं राजीनामावजा पत्र निघालं. २३ला लोनार्दी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली.