चुंबकी थाळी, आठ महिन्यांनंतर: स्प्रिंग हरवते ती थाळीत पोचण्याआधी

आधी वस्तू काय ते सांगतो. जाड सिलिकॉनची चटई, साधारण ४० बाय ३० सेंमी, चारी बाजूंनी बोटभर काठ, एका कडेला सहा-सात कप्पे. सोबत स्टीलची गोल थाळी, बुडाला चुंबक आणि चुंबकावर रबराचं टोपण. घेतली ती एकाच कामासाठी. माझ्याकडे रुगरचं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर आहे. ते पूर्ण उघडलं की टेबलावर जो पसारा होतो, त्यातला एखादा दाणा, म्हणजे बारीक भाग, दर वेळी गायब व्हायचा.

आठ महिन्यांत पाच वेळा पूर्ण उघडलं. पाचच का, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, नेहमीच्या साफसफाईला एवढं उघडायची गरज नसते. बेस पिन, म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो ती, ओढायची, सिलिंडर बाहेर काढायचा, नळी आणि काडतुसांची घरं पुसायची, झालं. आतलं यंत्र काढायचं ते पाणी गेलं असेल, तेल गोंदासारखं घट्ट झालं असेल किंवा काहीतरी अडकत असेल तेव्हाच. मी पाचांतल्या दोन वेळा निव्वळ हौसेपोटी उघडलं, हे कबूल करतो.

आणि उघडण्याआधी रिकामं आहे की नाही ते बघायचं. जुन्या कोल्टच्या धाटणीत त्यासाठी घोडा अर्ध्यावर आणावा लागतो. १९७३ पासूनच्या रुगरमध्ये नुसतं काडतुसं भरायचं गेट उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो. एकेक घर गेटसमोर आणून डोळ्यांनी बघायचं. सहाही. माहीत असलं तरी. काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत.

आता थाळीचं. पहिल्या दिवशी मी खूश होतो. ग्रिप फ्रेमचे (मुठीच्या सांगाड्याचे) पाच स्क्रू, घोड्यामागचे दोन आणि खालचे तीन, काढले आणि टाकले थाळीत. टकटक चिकटले. थाळी उलटी केली तरी पडेनात. जोडायला बसलो तेव्हा खरी गंमत. पाचही स्क्रू एकमेकांना चिकटून त्यांचा गुच्छ झालेला, आणि कोणता कुठला याचा पत्ता नाही. ज्याची लांबी चुकली तो स्क्रू शेवटच्या आट्यांत अडतो, आणि तिथे जोर लावणारा माणूस डोकं तरी खराब करतो नाही तर आटे तरी. तेव्हापासून स्क्रू थाळीत टाकणं बंद. एका जाड पुठ्ठ्यावर फ्रेमची आकृती काढली, स्क्रूच्या जागी भोकं पाडली, जो स्क्रू जिथून निघाला तो त्याच भोकात खोचला. हा पुठ्ठा चटईवर मावतो, म्हणून चटईला एक गुण.

चुंबकाची दुसरी अडचण म्हणजे त्याला सगळंच धरता येत नाही. ॲल्युमिनियमची ग्रिप फ्रेम असेल किंवा जुन्या नमुन्यांच्या नकलांवर असतो तसा पितळी ट्रिगर गार्ड, तर थाळीला त्याचं काहीच सोयरसुतक नाही. हे भाग मोठे असतात, हरवत नाहीत, ते ठीक. पण बारीक पोलादी प्लंजर (स्प्रिंग ज्याला ढकलते ती खुंटी) चुंबकावर रात्रभर राहिला की स्वतःच थोडा चुंबक होऊन बसतो. तिसऱ्या खेपेला प्लंजरच्या टोकावर काळी मिशी उगवल्यासारखी दिसली. निरखून पाहिलं तर लोखंडाचा बारीक कीस. तो तसाच आत गेला असता तर घासत राहिला असता. आता भाग थाळीतून उचलला की आधी फडक्याने पुसतो, आणि रात्रभर तर काहीच ठेवत नाही.

पण माझी मुख्य तक्रार थाळीबद्दल नाही, माझ्या समजुतीबद्दल आहे. मला वाटायचं, भाग हरवतात ते टेबलावरून. तसं नसतं. ते हरवतात फ्रेममधून सुटण्याच्या क्षणी, थाळीपर्यंत पोचण्याआधीच.

ब्लॅकहॉकमध्ये ग्रिप फ्रेम सैल झाली की दोन जागा बेसावध माणसाची वाटच बघत असतात. एक मागे, डाव्या अंगाला: सिलिंडर फिरवणाऱ्या पॉलला ढकलणारी स्प्रिंग आणि तिचा प्लंजर. त्यांना मागून अडवून धरते ती ग्रिप फ्रेमच. ती मिलिमीटरभर सरकली की स्प्रिंगला दार उघडं. दुसरी पुढे, चापाच्या पुढच्या भागात: सिलिंडर लॅचची, म्हणजे सिलिंडर जागी अडवणाऱ्या खटक्याची, स्प्रिंग आणि प्लंजर. पहिल्या खेपेला मी मागचे दोन स्क्रू काढून फ्रेम जराशी हलवली, ‘टिक्’ असा आवाज आला आणि पॉलची स्प्रिंग गेली. चटईचा काठ, कप्पे, चुंबक, सगळं जागच्या जागी होतं. स्प्रिंग तेवढी नव्हती. अर्धा तास गुडघ्यांवर रांगलो, टॉर्च जमिनीला आडवा लावून शोधलं. नवी मागवली. चार दिवसांनी थाळी धुवायला उचलली तर जुनी स्प्रिंग थाळीच्या खालच्या बाजूला, रबरी टोपणाच्या कडेला चिकटलेली. म्हणजे चुंबकाने धरली होती खरी, मला न सांगता.

त्यानंतर पद्धत बदलली. सगळ्यात आधी मेनस्प्रिंग, म्हणजे घोड्याला जोर देणारी स्प्रिंग, बांधायची. घोडा पूर्ण मागे ओढला की स्प्रिंगमधल्या दांड्याचं भोक खाली दिसतं. त्यात सरळ केलेली जाड पेपरक्लिप घालायची आणि अंगठ्याने घोडा धरून हळूच पुढे सोडायचा. स्प्रिंग दाबलेली राहते, तिचा दांडा अख्खा बाहेर येतो. मग सगळी ग्रिप फ्रेम मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत. हात पिशवीत, वस्तू पिशवीत, आणि शेवटचा स्क्रू निघून फ्रेम वेगळी होते तीही पिशवीतच. पॉलच्या भोकावर डाव्या अंगठ्याचं पेर दाबून ठेवायचं आणि फ्रेम सरळ खाली न ओढता मागची बाजू आधी किंचित उघडायची. स्प्रिंग उसळली तरी प्लास्टिकला आपटून खाली पडते. गेल्या तीन खेपांत एकही दाणा पिशवीबाहेर गेला नाही. हात घामेजतात, तेवढा त्रास.

जोडताना उलटा प्रश्न. प्लंजर भोकात बसवला की फ्रेम वर आणेपर्यंत तो निसटतो. इथे जाड ग्रीस. मोहरीएवढा ठिपका प्लंजरच्या शेपटीला लावला की स्प्रिंगसकट भोकात चिकटून राहतो, फ्रेम उलटी केली तरी. जास्त लावू नका, पुढे धूळ धरतं. बेस पिनच्या आडव्या खटक्याची नटही अशीच. दोन तुकडे एकमेकांत आटे घेतात, मध्ये स्प्रिंग, आणि नट बोटातून घरंगळायला तयारच असते. ती मात्र मी कप्प्यातच काढतो, हवेत नाही.

मित्राचं जुन्या कोल्टच्या घडणीचं आहे, तेही एकदा या चटईवर उघडलं. तिथे आतल्या बहुतेक स्प्रिंगा पट्टीच्या, त्यामुळे उडण्याची भीती कमी. त्याऐवजी फ्रेमच्या बाजूचे तीन स्क्रू, घोड्याचा, चापाचा आणि बोल्टचा (सिलिंडर अडवणाऱ्या खटक्याचा), वेगवेगळ्या मापांचे, म्हणून पुठ्ठ्याचं काम जास्त. उडण्याजोगी एकच जागा सापडली: लोडिंग गेटची. गार्ड काढल्यावर त्याखाली दडलेला छोटा स्क्रू, त्यामागे स्प्रिंग आणि दाणा. तो स्क्रू अर्धा फिरवून मी पिशवी मागितली तर मित्र हसला. दाणा प्लास्टिकला आपटल्यावर गप्प झाला.

चटई अजून शाबूत आहे. तेल पुसलं जातं, डाग राहत नाहीत. थाळीचं रबरी टोपण मात्र सहाव्या महिन्यात साफसफाईच्या द्रावाने फुगलं आणि कडा सुटल्या. दुसऱ्या गोंदाने लावलं, टिकलंय. चटई पुन्हा घेईन. थाळी घेणार नाही. आता तिच्यात स्क्रू ड्रायव्हरची टोकं ठेवतो, पेपरक्लिपही तिथेच असते.