मेटाग्रॉस: आधी मिटिऑर मॅश बघा, तारे नंतर

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये मेटाग्रॉस हा पोकेमॉन हाती आला की बहुतेक जण लगेच अप्रेझ (पोकेमॉनचा जन्मजात दर्जा ताऱ्यांत दाखवणारी सोय) उघडतात आणि तारे मोजतात. या पोकेमॉनच्या बाबतीत तो क्रम उलटा आहे. आधी त्याचा चार्ज्ड अटॅक (एनर्जी साठली की मारता येणारा मोठा वार) बघा. तिथे मिटिऑर मॅश असेल तर हा स्टील टाइपमधल्या अव्वल लढवय्यांपैकी एक आहे. नसेल, तर अटॅक २५७, डिफेन्स २२८, स्टॅमिना १९० असे भक्कम बेस आकडे असूनही रेडमध्ये (एका बलाढ्य पोकेमॉनशी, म्हणजे बॉसशी, ठरलेल्या वेळेत करायच्या लढाईत) तो मागेच पडतो.

याचं कारण सरळ आहे. रेडमध्ये फ्लॅश कॅनन या त्याच्या दुसऱ्या स्टील अटॅकची पॉवर १०० आणि मिटिऑर मॅशचीही १००. पण फ्लॅश कॅननला पूर्ण १०० एनर्जी लागते, मिटिऑर मॅशला फक्त ५०. म्हणजे तेवढ्याच एनर्जीत दोन वार. शिवाय एक फायदा पटकन लक्षात येत नाही. बॉसचा मार खातानाही आपली एनर्जी वाढत असते. एकाच मोठ्या बारवाला (एकदम १०० एनर्जी लागणारा) अटॅक असेल तर बार भरत आला असतानाच पोकेमॉन आडवा होतो आणि साठवलेलं सगळं वाया जातं. दोन बारवाल्यात (५० एनर्जीच्या) हे नुकसान बरंच कमी होतं. सोबत फास्ट अटॅक (सतत मारायचा छोटा वार) बुलेट पंचच हवा. दोन्ही स्टील, त्यामुळे दोन्हींना स्वतःच्या टाइपचा १.२ पट बोनस मिळतो. झेन हेडबट असेल तर साधा फास्ट टीएम (अटॅक बदलणारी वस्तू) वापरून बदलून घ्या.

मिटिऑर मॅश पहिल्यांदा मिळाला तो २१ ऑक्टोबर २०१८ च्या बेल्डम कम्युनिटी डेला (एकाच पोकेमॉनसाठी ठेवलेला काही तासांचा इव्हेंट). बेल्डम हे मेटाग्रॉसचं पहिलं रूप, मेटांग दुसरं. नंतर काही इव्हेंटमध्ये तो परत आला. इव्हेंटच्या ठरलेल्या वेळेत मेटांगचा मेटाग्रॉस केला तरच हा अटॅक मिळतो. म्हणून २५ कँडी (त्याच जातीचे पोकेमॉन पकडून मिळणारी) देऊन बेल्डमचा मेटांग कधीही करून ठेवा, पण पुढच्या १०० कँडी राखून थांबा. घाई झालीच असेल तर एलीट चार्ज्ड टीएम (हवा तो अटॅक निवडू देणारा दुर्मीळ टीएम) हाच मार्ग उरतो. साध्या चार्ज्ड टीएमने इव्हेंटबाहेर मिटिऑर मॅश येत नाही, कितीही वापरा.

आता ताऱ्यांकडे. अटॅकचा आयव्ही (जन्मजात आकडा, तारे यांवरूनच ठरतात) ० ऐवजी १५ असला तर बेस २५७ चा २७२ होतो, म्हणजे जेमतेम ६ टक्के फरक. शॅडो मेटाग्रॉस (टीम गो रॉकेट या खलनायक टोळीकडून सोडवलेला) मात्र २० टक्के जास्त मारतो. हिशोब करून बघा: अटॅक आयव्ही शून्य असलेला लेव्हल ३० चा शॅडो हा लेव्हल ४० च्या शंभर टक्केवाल्या (सगळे आयव्ही १५) साध्या मेटाग्रॉसपेक्षाही जोरात मारतो. त्यामुळे शून्य ताऱ्यांचा शॅडो बेल्डम ट्रान्सफर करू नका आणि रेडसाठी हवा असेल तर प्युरिफायही (शॅडोचा साधा) करू नका. शॅडोला मारही २० टक्के जास्त बसतो, हे खरं. पॉवर अपचा (लेव्हल वाढवण्याचा) खर्चही जास्त. पण रेड वेळेत संपवायची असेल तर हा सौदा फायद्याचाच आहे.

शॅडोमध्ये एक अडचण हमखास येते, ती म्हणजे फ्रस्ट्रेशन, शॅडोला आपोआप मिळणारा कमकुवत चार्ज्ड अटॅक. हा अटॅक घेऊन बेल्डम तसाच इव्हॉल्व्ह केलात तर कम्युनिटी डे असला तरी फ्रस्ट्रेशन चिकटून राहतो. एलीट टीएमसुद्धा तो काढत नाही. टीम गो रॉकेटच्या खास इव्हेंटमध्ये साधा चार्ज्ड टीएम वापरून तो आधी काढायचा, मग इव्हॉल्व्ह करायचं किंवा एलीट टीएम लावायचा. हा क्रम चुकला की महिनोन्‌महिने वाट बघावी लागते.

स्टारडस्ट (पॉवर अपला लागणारं गेममधलं चलन) कुठवर घालायचा? साध्या मेटाग्रॉसला लेव्हल २० वरून ३० ला न्यायला ७५,००० स्टारडस्ट आणि ६६ कँडी लागतात, आणि ताकद साधारण २२ टक्के वाढते. ३० ते ४० साठी १,५०,००० स्टारडस्ट आणि १८२ कँडी जातात, वाढ मात्र ८ टक्के. बेल्डम सहज सापडत नाही, कँडी जपूनच वापरावी लागते. म्हणून एकाच मेटाग्रॉसला ४० वर नेण्यापेक्षा दोघांना ३० वर आणा. रेडला टीम सहाची असते.

वापरायचा कुठे? रेड बॉस क्युरेमसमोर तो शोभून दिसतो. क्युरेमचे ड्रॅगन, आइस आणि स्टील हे तिन्ही प्रकारचे वार मेटाग्रॉसला कमीच लागतात. फेअरी टाइपच्या झर्नियासचा झेन हेडबट तर ०.३९ पटच लागतो. डायन्सी रॉक आणि फेअरी दोन्ही असल्याने तिच्यावर आपला वार २.५६ पट बसतो. पण फेअरी दिसली की मेटाग्रॉस, असं समीकरण धरू नका. टापू कोको फेअरीसोबत इलेक्ट्रिकही आहे, टापू फिनी वॉटरही. हे दोन्ही टाइप स्टीलला रोखतात, त्यामुळे वार साधाच पडतो. गार्डेव्हॉरकडे शॅडो बॉल किंवा रेजिआइसकडे अर्थक्वेक असेल तर मेटाग्रॉस भराभर कोसळतात. रिव्हाइव्ह (कोसळलेला पोकेमॉन उठवणारी वस्तू) जवळ ठेवा. फायर, ग्राउंड, घोस्ट आणि डार्क या चारांपासून त्याला जपायचं.

हवामानाची साथ आपल्याकडे जवळपास नाहीच. गेम खऱ्या हवामानानुसार अटॅकना बूस्ट देतो. स्टीलला तो मिळतो बर्फात, त्यामुळे मुंबई-पुण्यात त्याची आशा सोडा. उलट कडक उन्हात फायर आणि ग्राउंडवाल्या बॉसचे वार वाढतात.

मास्टर लीगमध्ये (खेळाडूंच्या आपसांतल्या लढतींत) खेळवायचा असेल तर दुसरा अटॅक म्हणून अर्थक्वेक उघडा. खर्च ७५,००० स्टारडस्ट आणि ७५ कँडी. डायल्गासारखे स्टीलवाले मिटिऑर मॅश अंगावर झेलतात, अर्थक्वेक मात्र त्यांना झोंबतो. घोस्ट टाइपचा गिराटिना समोर आला तर सरळ बदली करा. फक्त रेड खेळणाऱ्यांनी हा खर्च टाळावा.

मॅक्स बॅटलचं (डायनामॅक्स होऊन, म्हणजे प्रचंड मोठे होऊन, पोकेमॉन लढतात ती लढाई) गणित वेगळं. तिथे डायनामॅक्स होणारा बेल्डम स्वतंत्र पकडावा लागतो, साधा चालत नाही. मॅक्स अटॅकचा टाइप फास्ट अटॅकवरून ठरतो. म्हणजे बुलेट पंच असला की काम झालं, त्याच्यावर एलीट टीएम खर्च करू नका.